न थांबलेलं मशीन

ताईंनी नोकरीतली बावीस वर्षं दुसरीनं टाइप केलेलं पुन्हा टाइप करण्यात घालवली. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण विमा कंपनीच्या त्या कचेरीत तशीच रीत होती. एक बाई फॉर्म समोर ठेवून नावं, तारखा, आकडे मशीनमध्ये भरायची. मग तोच गठ्ठा दुसऱ्या बाईकडे जायचा, आणि पहिलीनं काय भरलंय ते न बघता ती सगळं नव्यानं भरायची. दोघींचं जुळलं की मशीन गुमान पुढे सरकायचं. एका अक्षराचा जरी फरक पडला तरी बारीक शिट्टी वाजायची आणि कीबोर्ड जागच्या जागी लॉक व्हायचा. मग फॉर्म उचलून बघायचं, कोण चुकलं. या दुसऱ्या बाईला व्हेरिफायर म्हणायचे. ताई व्हेरिफायर होत्या.

त्यांच्या समोर बसणाऱ्या पहिल्या बाईला सगळा हॉल 'गाडी' म्हणायचा. बोटं गाडीसारखी पळायची आणि तोंड बोटांच्याही पुढे. शिट्टी वाजली की ती मान वर न करताच विचारायची, "कोण चुकलं? मीच ना? तू माझी मैत्रीण आहेस की सासू, ते एकदा ठरव बाई." दहातल्या नऊ वेळा तीच चुकलेली असायची. डबा मात्र दोघी एकत्र खायच्या.

त्या हॉलमधून ताईंनी एक गोष्ट हाडीमाशी भिनवून घेतली. शिट्टी वाजली नाही, मशीन थांबलं नाही, म्हणजे सगळं ठीक. गप्प चाललेलं मशीन ही देवाची कृपा. पुढे फॉर्म वाचणारी यंत्रं आली, हॉल बंद झाला, ताई जुन्या कागदांच्या खात्यात गेल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. शिकवण तेवढी राहिली.

लग्न त्यांनी केलं नाही. का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत त्या राहायच्या. भावाचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान; तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. दिवसभर घरात नणंद-भावजय. भावजय त्यांना 'वन्सं' म्हणायची, आदरानं म्हणायची, आणि त्याच आदरानं टोमणेही मारायची.

रिटायर झाल्यावर ताई रोज सकाळी प्रार्थना आटोपून वाचनालयात जायला लागल्या. तिथे एका मासिकात त्यांना तो लेख सापडला. घरात कॉम्प्युटर रिकामा बसत असेल तर त्याचा वेळ विज्ञानाला द्या, असं त्यात लिहिलं होतं. शास्त्रज्ञांकडे काही गणितं एवढी अवाढव्य असतात, की एका ठिकाणी सोडवायची म्हटलं तर आयुष्यं पुरायची नाहीत. म्हणून त्यांचे लाखो तुकडे करतात आणि जगभरच्या लोकांच्या घरी पाठवतात. घरचं मशीन आपला तुकडा सोडवतं, उत्तर परत पाठवतं आणि नवा तुकडा घेतं. पैसे मिळत नाहीत, मिळालेच तर आभार. त्यातलं एक काम क्षयाच्या जंतूवरचं होतं. जंतूच्या अंगावर कुलपासारखी एक जागा असते, तिच्यात कोणतं रसायन किल्लीसारखं बसेल ते शोधायचं. किल्ल्या लाखो. एकेक लावून बघायची.

ताईंनी तो लेख तीनदा वाचला. भावजयीला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी क्षय झाला होता. वर्षभर गोळ्या चालल्या. गोळी घेतली की तासभर तिला मळमळायचं, आणि तो तासभर ताई तिच्या उशाशी बसून असायच्या. ती खडखडीत बरी झाली. त्यानंतर घरात तो शब्द कोणी काढला नाही.

लेखाच्या शेवटी एक ओळ होती. प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या घरी पाठवला जातो आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच मान्य होतो. ती वाचून ताई मोठ्यानं हसल्या. ग्रंथपालानं चष्म्यावरून बघितलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या, "ओळखीचं माणूस भेटलं."

अडचण एकच होती. घरात रिकामा काय, कसलाच कॉम्प्युटर नव्हता.

"म्हणजे लोक पडून असलेलं देतात, आणि तुम्ही देण्यासाठी विकत आणणार?" भावजय म्हणाली. "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ऐकलं होतं. इथे तर आपणच घोडं आणायला निघालो."

"घोडं माझ्या पेन्शनमधून येईल."

"आणि त्याचा चारा? तो वीजबिलातून जाणार ना?"

भाऊ हळूच म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा. मी घड्याळवाला माणूस, मला सेलपुरतीच वीज कळते."

शेवटी तह झाला. मशीन तीन महिन्यांच्या पेन्शनमध्ये बसलं पाहिजे. वीज फ्रीजपेक्षा जास्त खाता कामा नये. आणि भावजयीच्या दुपारच्या झोपेत आवाज होता कामा नये. कोणाला कशासाठी हवंय, हे भावजयीनं विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही. 'काहीतरी शास्त्राचं काम' एवढ्यावर भागलं.

मग ताईंनी चार महिने नुसतं वाचलं. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर अनुभवी लोकांचे सल्ले वाचायच्या आणि वहीत उतरवायच्या. हळूहळू त्यांना कळलं की स्वस्त मशीन आणि स्वस्तात चालणारं मशीन ही दोन वेगळी मशीनं आहेत. कंपन्यांनी काढून टाकलेले मोठे कॉम्प्युटर मातीमोल मिळतात, पण हत्ती विकत घेता येतो, पोसता येत नाही. गेम खेळणाऱ्यांचं ग्राफिक्स कार्ड दहा मशीनांचं काम एकटं करतं, पण ते आख्ख्या घराची वीज एकटं पितं. शेवटी त्यांनी वहीत एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या: एका वॅटमागे काम किती होतं, ते बघायचं.

जुन्या सामानाच्या गल्लीत एक दुकान होतं. मालकाच्या कानामागे कायम एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला, म्हणून त्याला सगळे 'स्क्रू' म्हणत. ताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो एका उघड्या मशीनमध्ये फुंकर मारत होता.

"या मावशी. नातवासाठी का? गेमचं पाहिजे?"

"मला नातू नाही. मला स्वतःला हवंय."

"तुम्ही खेळणार?"

"मी काम करणार. हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे ना, हा सगळा जोर लावला की किती वॅट खातो?"

स्क्रूनं कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. "मावशी, वीस वर्षं दुकान चालवतोय. हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारला नाही. लोक विचारतात, आत रंगीत लाइट लागतात का."

"रंगीत लाइट नकोत. ते पण वीज खातात."

तिथून पुढे दोघांचं सूत जमलं. स्क्रूनं प्लगला मीटर लावून मशीन चालवून दाखवलं. ताईंनी आकडा वहीत घेतला. मॉनिटर नको, घरी जुना टीव्ही आहे. डिस्क सर्वांत छोटी चालेल. डबा खरचटलेला असला तरी हरकत नाही, त्याला काही मुलगी बघायला जायचं नाही. एकाच गोष्टीवर स्क्रू अडून बसला.

"बाकी सगळं जुनं घ्या, पण पॉवर सप्लाय नवाच घ्यायचा. ते मशीनचं काळीज आहे. स्वस्तातला घेतलात तर एक दिवस धूर निघेल आणि तुम्ही माझ्या नावानं खडे फोडाल."

ताईंनी मानलं. काळीज नवं घेतलं, पण मग मेमरीला पैसे कमी पडले. स्क्रूनं ड्रॉवर उपसून मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या.

"दोन घरच्या दोघी," ताई म्हणाल्या. "एकत्र नांदतील का?"

"लावून बघू की."

लावल्या. मशीन सुरू झालं. तासभर चालवलं, कुठे अडलं नाही, कुठे थांबलं नाही. चार महिने एकेका वॅटचा पिच्छा पुरवणाऱ्या ताईंनी मेमरीबद्दल पुढे एक अक्षर विचारलं नाही. मशीन थांबलं नाही ना? मग झालं तर.

स्वयंपाकघराच्या बोळात, बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या टेबलावर, नवं मशीन बसलं. पहिला तुकडा सोडवायला त्याला चार तास लागले; पुढे ते एका वेळी तीन-तीन तुकडे घ्यायला लागलं. उत्तर गेलं आणि या कामाच्या वेबसाइटवर ताईंच्या नावाचं जे पान होतं, त्यावर शब्द आले: 'दुसऱ्या उत्तराची वाट पाहत आहे.' तीन दिवसांनी दुसऱ्या कोणाचं तरी उत्तर आलं, जुळलं, आणि तिथे हिरव्या अक्षरांत 'मान्य' उमटलं. ताईंनी देवाला हात जोडले आणि मग मीटर वाचला. फ्रीजपेक्षा थोडं कमीच होतं.

फोनवर ऐकल्यावर गाडीला कुठलं राहवतंय. तिनं जावयाचा जुना गेमचा कॉम्प्युटर मागून आणला आणि तीही या कामात शिरली. तिच्याकडे मोठं ग्राफिक्स कार्ड. मान्य झालेल्या तुकड्यांना गुण मिळायचे; महिनाभरात तिचे गुण ताईंच्या वीसपट.

"काय गं, तुझी बैलगाडी कुठवर आली?" ती आठवड्यातून दोनदा फोन करून विचारायची.

"येतेय. तू हो पुढे."

दीड महिन्यानं ताईंना प्रकल्पाकडून एक निरोप आला. तुमच्या मशीनची इतकी उत्तरं सलग बरोबर आली आहेत, की यापुढे त्याचं उत्तर एकट्याचंच मान्य केलं जाईल, दुसऱ्या घरी पाठवलं जाणार नाही. मधूनमधून एखादं नमुन्यादाखल तपासू, तेवढंच. पानावर ताईंच्या नावापुढे 'विश्वासू' असा शब्दही आला.

ताई खुर्चीत टेकून बसल्या. बावीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा एकटीचा शब्द कोणी खरा मानलाय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, "आता माझ्या एकटीच्या उत्तरावर चालतं."

"म्हणजे प्रमोशन झालं?" भावानं विचारलं.

"पगार वाढला का?" भावजयीनं विचारलं.

ताई नुसत्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाताना त्यांनी कपाटातली बरी साडी काढली.

त्यानंतर काही दिवस हवा कुंद झाली. ऊन म्हणून पडेना. कपडे दोरीवर दोन-दोन दिवस ओलेच, सगळ्या घराला दमट वास. ताई सकाळी बाहेर पडायच्या, जेवायच्या वेळेला परत यायच्या. मशीन गप्प चाललेलं असायचं. उत्तरं जात होती, हिरवं 'मान्य' उमटत होतं. ताई पानाच्या वरच्या चार ओळी बघायच्या आणि समाधानानं उठायच्या.

मग एका दुपारी गाडीचा फोन आला. आवाजच वेगळा.

"बसलीयस का? आधी बस."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मी ठणठणीत. तूच नापास झालीयस! तीन तुकडे! लाल अक्षरात 'अमान्य' लिहिलंय, तुझ्या नावापुढे. आपली पानं सगळ्यांना दिसतात माहितीय ना? मी आपलं सहज बघायला गेले. अगं, बावीस वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. आज पेढे वाटू की काय करू?"

ताई फोन तसाच कानाला लावून टीव्हीपाशी गेल्या आणि यादी खाली, आणखी खाली सरकवत गेल्या. खरंच होतं. नमुन्यादाखल जे तुकडे दुसऱ्या घरी गेले होते, त्यांतले तीन जुळले नव्हते. तिन्ही गेल्या अडीच आठवड्यांतले.

"हॅलो? रागावलीस की काय? अगं, गंमत केली."

"नाही रागावले. ठेवते मी. हिशोब करायचाय."

हिशोब सोपा होता. दहातला एक तुकडा तपासला जात होता. तपासलेल्या तिसांत तीन चुकले. म्हणजे त्या दिवसांत गेलेल्या तीनशेंत तीसेक तरी चुकलेले असणार. त्यातले तीनच सापडले. बाकीच्यांपुढे हिरवं 'मान्य' लिहिलेलं होतं.

मशीन थांबलं नव्हतं. शिट्टी वाजली नव्हती. आणि वाजणार कशी? समोरच्या खुर्चीत दुसरी बाईच नव्हती! ती खुर्ची ताईंवर विश्वास टाकून रिकामी केली होती. ही साधी गोष्ट व्हेरिफायर म्हणून हयात घालवलेल्या बाईच्या ध्यानात आली नाही, याची ताईंना चुकीपेक्षा जास्त लाज वाटली. त्यांनी मशीन बंद केलं. बोळात एकदम शांत झालं.

संध्याकाळी गाडीनं पुन्हा फोन केला. तोवर ताईंनी ठरवलं होतं, आणि तेच तिला सांगितलं.

"कळवणार? कोणाला?" गाडी ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे का? चूक मशीनची. तू काय मुद्दाम केलंस? मशीन दुरुस्त कर आणि गप्प बस. तिकडे त्यांच्याकडे लाखो उत्तरं येतात, तुझी तीस कोण बघतंय?"

"कोणीच बघत नाही. म्हणून तर."

"आणि ते तुझं एकटीचं प्रमोशन? काढून घेतील ना ते!"

"घेतीलच."

"धन्य आहेस बाई. माझ्या चुका काढून पोट भरलं नाही, आता स्वतःच्या काढायला निघालीस."

भाऊ दुकानातून आला होता. बूट काढता काढता त्यानं सगळं ऐकलं. "ताई, नाही कळवलंस तर काय होईल?"

"मला काहीच होणार नाही," ताई म्हणाल्या. "पण तीस खोट्या किल्ल्या त्यांच्या जुडग्यात राहतील. एखादी ते खरी समजून प्रयोगशाळेत नेतील. महिनोन्महिने तिच्यावर घालवतील. आणि खरी किल्ली कदाचित मी 'ही बसत नाही' म्हणून फेकून दिली असेल."

भावानं बूट कोपऱ्यात सरकवले. स्वयंपाकघरात सुरीचा आवाज मात्र थांबला होता.

सकाळी ताईंनी मशीनचा डबा भाजीच्या पिशवीत घालून स्क्रूकडे नेला. स्क्रूनं मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावला. पहिली फेरी स्वच्छ गेली. मग त्यानं मुद्दाम हवेच्या जाळीवर पुठ्ठा धरला, आत गरम होऊ दिलं, आणि थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळी धावू लागल्या.

"ही एक पट्टी खोटी आहे, मावशी. गार असते तेव्हा शहाणी, तापली की बरळते. मीच नीट तपासून द्यायला हवी होती. पण इतकी तापली कशी? पंखा तर ठणठणीत चालतोय."

ताईंनी डबा पुन्हा पिशवीत घातला. पट्टी कशानं तापली ते कळल्याशिवाय प्रकल्पाला पत्र लिहिता येत नव्हतं, कारण कोणत्या दिवसापासूनची उत्तरं संशयाची, ते सांगायला हवं होतं. घरी येऊन त्या वही उघडून बसल्या. रोजचे वॅट होते, तुकडे होते. कारण कुठेच नव्हतं.

भावजय समोर येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत होती, पण हात कोरडेच होते.

"वन्सं, मशीन मागून गरम हवा सोडतं ना?"

"हो."

"ती अडली तर काय होतं?"

ताईंनी वही मिटली. "का गं?"

"ऊन नव्हतं हो," भावजय म्हणाली. "टॉवेल वाळत नव्हते. तुम्ही वाचनालयात गेलात की मी... आधी एकच टॉवेल टाकला. तासात खणखणीत वाळला! मग मोजे टाकले. मग यांची बनियनं. एकदा चादरही टाकली, चौघडी करून. तुम्ही यायच्या आत उचलायची."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, आवरेचना. "बारा देशांचे शास्त्रज्ञ," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि माझ्या भावाची बनियनं!"

"हसता काय? मला काल रात्रभर झोप नाही."

"पहिला टॉवेल कधी टाकलास, आठवतं?"

"आठवतं ना. गॅसवाला आला त्या दिवशी. ओला टॉवेल खांद्यावर टाकूनच मी दार उघडलं, तो मेला हसला." तिनं डब्यातून गॅसची पावती काढून आणली. तिच्यावर तारीख होती. ताईंनी ती वहीत उतरवली. पहिला लाल तुकडा त्यानंतर दोन दिवसांनी आलेला होता.

भावजय गेली नाही. "वन्सं, त्या किल्ल्या म्हणत होतात काल. कशाच्या?"

"क्षयाच्या. औषध शोधतायत. लवकर बरं करणारं आणि मळमळ न होणारं."

भावजयीनं गॅसची पावती घडी घालून परत डब्यात ठेवली. मग जरा रागानंच म्हणाली, "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू वीजबिलावरून एक शब्द बोलली नसतीस. घरात कोणीतरी बोलायला पाहिजे."

पत्र ताईंनी आपल्या भाषेत लिहिलं. प्रकल्पाची माणसं परकी, म्हणून वाचनालयातल्या कॉम्प्युटरकडून ते भाषांतरित करून घेतलं. पण त्यावर विसंबतील तर त्या ताई कसल्या! ते भाषांतर त्यांनी पुन्हा उलटं आपल्या भाषेत फिरवून घेतलं आणि मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघितलं. एका ठिकाणी 'माझ्या आठवणी तापल्यामुळे मी चुकीची उत्तरं दिली' असं आलं. ते वाक्य त्यांनी चार वेळा बदललं, तेव्हा कुठे मेमरी मेमरी झाली. पत्रात आडवळण नव्हतं. या तारखेपासून या तारखेपर्यंत माझ्या मशीनच्या एका भागात खोट होती, हवा अडल्यानं ती वाढली, तेव्हा त्या दिवसांतली माझी सगळी उत्तरं कृपया दुसऱ्या घरी पुन्हा तपासून घ्यावीत, आणि माझ्या मशीनला दिलेली सूट काढून घ्यावी. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

उत्तर येईपर्यंत त्यांनी मशीनचा प्रश्न सोडवायला घेतला. स्क्रू म्हणाला होता, चूक माझी, जुनं परत घेतो आणि दुसरं काही हवं तर वळतं करून देतो. या वेळी भावजय सोबत निघाली. "घासाघीस तुम्हाला येत नाही," एवढंच कारण तिनं दिलं.

स्क्रूनं आधी एक चकचकीत मशीन पुढे केलं. "पहिल्याच्या दुप्पट वेग, मावशी."

"चुकलं तर त्याचं त्याला कळेल का?"

"चुकणारच नाही."

"ते नाही विचारलं. चुकलं, तर कळेल का?"

स्क्रूनं डोकं खाजवलं आणि माळ्यावरून एक जड, करडं धूड उतरवलं. कुठल्या तरी दवाखान्याच्या कचेरीतून आलेलं, आठ-नऊ वर्षांचं. त्यातून मेमरीची एक पट्टी काढून त्यानं ताईंच्या तळहातावर ठेवली. "मोजा. साध्या पट्टीवर एका बाजूला आठ चौकोन असतात."

ताईंनी मोजले. नऊ होते.

"आठ काम करतात आणि नववा त्यांच्यावर लक्ष ठेवतो. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर तिथल्या तिथे सुधारतो. जास्त बिघडलं तर मशीन थांबतं, पण खोटं पुढे पाठवत नाही. फक्त हे धिमं आहे, जाडजूड आहे, आणि वीज दीडपट खाईल."

"आठ जणांवर एक मुकादम," भावजय म्हणाली. "आमच्या घरी उलटं आहे. काम करणारी एक आणि लक्ष ठेवायला सगळे."

ताई पट्टी हातात घेऊन उभ्या राहिल्या. एका वॅटमागे काम किती, या हिशोबात हे मशीन पार तळाला बसत होतं. वहीतल्या त्या दोन रेघांच्या ओळीत हे कुठे बसवायचं, याचा त्यांनी विचार केला. मग त्या म्हणाल्या, "चुकीचं काम शून्यातही धरता येत नाही. हे द्या. दिवसभर नाही चालवणार, पाच-सहा तासच चालवू, म्हणजे बिल होतं तिथेच राहील."

किमतीचं भावजयीनं बघितलं. स्क्रूनं शेवटी हात जोडले आणि पंखा फुकटात स्वच्छ करून दिला.

प्रकल्पाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. सहा ओळींचं. तीनशे चौदा उत्तरं बाजूला काढली आहेत, सगळी पुन्हा इतर घरी पाठवली आहेत. सूट रद्द केली आहे. यापुढे तुमचं कोणतंही मशीन सर्वांसारखं पहिल्यापासून सुरुवात करील, त्याचं प्रत्येक उत्तर दुसऱ्याशी ताडलं जाईल. कळवल्याबद्दल आभार. कौतुक नाही, दोषही नाही. ताईंना ते पत्र आवडलं. कचेरीत चांगला साहेब असंच लिहायचा. पण पानावर नावापुढचं 'विश्वासू' गेलं होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी प्रार्थनेला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला, इतकंच.

गाडीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मूर्ख आहेस." दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, आवाज खाली घेतलेला. "ऐक. जावयानं माझ्या कार्डाचा वेग मुद्दाम वाढवून ठेवला होता. तो मी कमी करायला लावला. गुण निम्म्यावर आले. कोणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? पानं सगळ्यांना दिसतात," ताई म्हणाल्या, आणि पलीकडून खूप वर्षांपूर्वीचं खळखळून हसणं आलं.

करड्या मशीननं पहिला तुकडा सोडवायला सात तास घेतले. दोन दिवसांत तो पुरा झाला. उत्तर गेलं. पानावर आलं: 'दुसऱ्या उत्तराची वाट पाहत आहे.' ताई खुर्चीवर बसून त्या ओळीकडे बघत होत्या. बाहेर ऊन पडलं होतं आणि दोरीवरचे टॉवेल वाऱ्यानं हलत होते.

"काय झालं वन्सं? जुळलं का?" भावजयीनं आतून विचारलं.

"अजून दुसरीचं आलं नाही."

"दुसरी कशावरून? बाप्या असेल एखादा."

"असेल."

"कधी येईल?"

"दोन दिवस लागतील. आठही लागतील. तिलाही तिचं घर असेल."

"मग तोवर काय उपाशी बसणार आहात?" भावजय म्हणाली. "या, ताट वाढलंय."

ताईंनी मशीन बंद केलं, हात धुतले आणि जेवायला बसल्या.